ताटातलं नाव, कागदावरचं नाव

परवा बहिणीचा फोन आला. भाचीचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षातला मुहूर्त आहे. सगळं जुळलं, फक्त एका गोष्टीवर अडलंय. नवऱ्या मुलाच्या वहिनीचं आणि आमच्या भाचीचं नाव एकच. "एका घरात दोघींना हाक कशी मारायची?" म्हणून विहीणबाईंनी नवं नाव सुचवलं. नाव गोड आहे, खोटं कशाला बोलू! पण भाची म्हणते, मी नावही बदलणार नाही आणि आडनावही नाही. बहीण म्हणाली, "तू बाहेर चार बायकांना समजावतेस, जरा हिलाही समजाव."

समजवायला म्हणून गेले आणि मीच समजून घेऊन आले.

भाची पुण्यात पेशींवर संशोधन करते. तिचे चार शोधनिबंध छापून आलेत. "मावशी, आमच्याकडे नुसतं छापून आलं म्हणून भागत नाही. पुढे किती जणांनी आपल्या निबंधात त्याचा हवाला दिला, हे मोजतात. त्याला सायटेशन म्हणतात," ती सांगत होती. मला लगेच भाजणी आठवली. चकली खुसखुशीत झाली की आपण सांगतोच ना, की माप अमक्या काकूंचं आहे. जितक्या जणी ते माप वापरतील आणि तसं सांगतील, तितका काकूंचा मान. तसंच हे. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये अशा हवाल्यांची मोठी सूचीच काढली. 2005 मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने त्यावरून एक आकडा बसवला. दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा हवाले मिळाले, तर तुमचा आकडा दहा. नोकरी, बढती, संशोधनाला पैसा देताना हा आकडा पाहतात.

आता गंमत बघा. ही मोजणी नावावरून चालते. माहेरच्या नावाचे चार निबंध एका खात्यात आणि सासरच्या नावाचे दुसऱ्या खात्यात. बाई एकच, पण हिशेबात दोन अर्ध्या बायका! तिच्यासोबतच्या मुलाचं लग्न गेल्या वर्षी झालं. त्याचं खातं आहे तिथेच आहे.

घरी येऊन मी जुनी उदाहरणं काढत बसले. डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या समर्थांच्या लेक, 1917 चा जन्म, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. 1939 मध्ये लग्न झालं. एमएस्सी 1943 मध्ये, सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर. पीएचडी 1949 मध्ये. पुढे मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवण्याची सोय, त्यांनीच उभी केली. दोनशेहून अधिक शोधनिबंध, 1982 मध्ये पद्मभूषण. संशोधन सगळं लग्नानंतरचं, म्हणून ते 'रणदिवे' या एकाच नावावर राहिलं.

कमला सोहोनींचं तसं नाही. त्या मूळच्या भागवत. बंगळूरच्या संस्थेत मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत. केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोमवर काम करून 1939 मध्ये पीएचडी मिळवली. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये हिल यांच्यासोबत छापलेल्या निबंधावर नाव आहे 'भागवत'. लग्न 1947 चं. नंतरचं नीरेवरचं काम 'सोहोनी' नावाने. ज्याला ठाऊक नाही, त्याला या दोन वेगळ्या बाया वाटतील.

रणदिवेबाईंची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी शेजारच्याच अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. मी स्वतः अंगणवाडीत मुलांची वजनं घेताना उभी राहिलेय. रडणारं पोर काट्यावर ठेवणं काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक! अशा कामाला प्रयोगशाळेतल्या निबंधासारखे हवाले कुठून मिळणार? म्हणून मी त्या आकड्याला देव मानत नाही. पण जोवर पोरींची नोकरी त्यावर ठरतेय, तोवर तो त्यांचा पुरता मोजला जावा, एवढं तरी मागावं की नाही?

आणि हे फक्त शिकलेल्यांचं दुखणं नाही. आपल्या बचत गटातल्या बायांचे एका योजनेचे अर्ज मी भरत होते. आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं, पासबुकात तिसरंच. एकीला तर प्रतिज्ञापत्रासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागली. माझीच बी.ए.ची पदवी ज्या नावावर आहे, त्या नावाने संगमनेरात मला कोणी ओळखत नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा मी लाजून हसले होते. पदवीचं पुढे काय, हे डोक्यातही आलं नाही. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही, हेही फार उशिरा कळलं.

संशोधकांसाठी 2012 पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा आकडी क्रमांक फुकट मिळतो. नाव बदललं तरी सगळे निबंध त्या एका क्रमांकाला जोडता येतात. मी भाचीला म्हटलं, मग अडचण काय? ती म्हणाली, "क्रमांक काढलाय गं मावशी. पण निबंध वाचणारा माणूस आधी नाव वाचतो." यावर मला उत्तर सुचलं नाही.

रविवारी नाशिकच्या एसटीने विहीणबाईंकडे निघालेय. घरात हाक तुम्हाला आवडेल त्या नावाने मारा, म्हणेन, अगदी ताटातही लिहा. कागदावरचं नाव तेवढं राहू द्या. बहिणीला हे अजून सांगितलेलं नाही. सोबत भाजणीचा डबा घेतलाय.