गिऱ्हाईक नसलेल्यांचा बहिष्कार

भाचीकडे डॅलसला गेले होते तेव्हा किराणा-भाजीच्या दुकानाच्या दारावर एक भली मोठी पाटी दिसली. वर इंग्रजी, खाली स्पॅनिश. फरशी ओली आहे, जपून चाला, असलं काही असेल असं मला वाटलं. जावई म्हणाला, "मावशी, ती तीस-शून्य-सहा. परवान्याचं पिस्तूल कपड्याखाली लपवून आत आणू नका, असं सांगणारी." शेजारी तीस-शून्य-सातची पाटी होती: कमरेला उघडं लावूनही आणू नका. हे आकडे म्हणजे टेक्सासच्या दंडसंहितेतली कलमं. अक्षरं निदान इंचभर उंचीची हवीत, मजकूर दोन्ही भाषांत हवा, नाहीतर ती पाटी कायद्याच्या लेखी पाटीच नव्हे. (आपल्या 'येथे थुंकू नये'च्या पाटीला एवढी शिस्त कुणी लावली असती तर!) योगायोग असा की तिकडच्या शिकाऱ्यांच्या एका जुन्या लाडक्या काडतुसाचं नावही .३०-०६ असंच आहे.

दुकान घरापासून लांब होतं. जवळ एक होतं, पण त्याच्या दारावर पाटी नव्हती, म्हणून भाची तिथे जात नाही. मी सहज म्हटलं, "मग सगळे मिळून बंदुकांच्या कंपन्यांवरच बहिष्कार का नाही घालत?" जावई हसला. "आम्ही कुठे बंदुका घेतो, मावशी?"

गिऱ्हाइकांविषयी इतकी वर्षं लिहूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जो माल आपण कधी घेतच नाही, तो न घेण्याची धमकी द्यायची कुणाला? पुण्यात १९०५ साली विदेशी कापडाची होळी झाली तेव्हा जाळणाऱ्यांच्या घरात ते कापड होतं, म्हणून त्या जाळण्याला अर्थ होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, १७ जण गेले. वाचलेली मुलं रस्त्यावर उतरली आणि लोकांचा राग नॅशनल रायफल असोसिएशनवर, म्हणजे एनआरएवर वळला. ही संघटना १८७१ ची. यादवी युद्धात आपल्या सैनिकांना धड नेम धरता येत नव्हता हे पाहून माजी अधिकाऱ्यांनी ती काढली. १९७७ साली सिनसिनाटीच्या अधिवेशनात कडव्या मंडळींनी ती ताब्यात घेतली आणि नेमबाजी शिकवणारी संस्था राजकारण्यांना नेम धरून दाखवू लागली. तर लोकांनी एनआरएवर बहिष्कार पुकारला. पण एनआरए विकते काय? सदस्यत्व. ते या लोकांकडे नव्हतंच. मग शोध सुरू झाला तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा: सदस्यांना सवलत देणाऱ्या भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्या, एनआरएच्या नावाचं क्रेडिट कार्ड काढणारी ओमाहाची एक बँक, विमा कंपन्या, विमान कंपन्या. आठवड्याभरात एकेकीने हात झटकले.

त्यातली डेल्टाची गोष्ट मोठी गमतीची आहे. एनआरएच्या अधिवेशनाला जाणाऱ्यांना ती तिकिटात सूट देत असे. ती बंद केली. नंतर कळलं की त्या सवलतीत विकली गेली होती अवघी १३ तिकिटं! डेल्टाचं घर जॉर्जिया राज्यातल्या अटलांटाला. तिथले नायब राज्यपाल केसी केगल खवळले आणि विधिमंडळाने विमानाच्या इंधनावरची नियोजित करमाफी विधेयकातून काढून टाकली. ती होती काही कोटी डॉलरची. १३ तिकिटांसाठी! पुढे केगल राज्यपालपदाच्या उमेदवारीच्या लढतीत हरले, आणि त्या वेळच्या राज्यपालांनी उन्हाळ्यात एक आदेश काढून तो कर थांबवला. एवढ्या सगळ्या धुरळ्यात देशात एक बंदूक कमी विकली गेली असेल असं मला वाटत नाही.

खरा बहिष्कार कसा असतो ते पाहायचं तर पार्कलंडच्या १८ वर्षं मागे जायला हवं, आणि तो घालणारे होते बंदूकवालेच. स्मिथ अँड वेसन ही १८५२ सालची कंपनी, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची. मार्च २००० मध्ये तिने क्लिंटन सरकारशी करार केला: पिस्तुलांना कुलपं बसवू, मालकाशिवाय दुसऱ्याच्या हातात न चालणाऱ्या पिस्तुलावर काम करू, विक्रेत्यांना आचारसंहिता लावू. शहरं कंपन्यांवर खटले भरत होती, त्यातून सुटायचा हा मार्ग. एनआरएने याला शरणागती म्हटलं. मग विक्रेत्यांनी माल उचलणं बंद केलं, शिकारी, नेमबाज, हौशी संग्राहक सगळ्यांनी पाठ फिरवली. हे लोक वर्षाला एखादं पिस्तूल घेणारे, मासिकं वाचणारे, दुकानदाराला नावाने ओळखणारे. त्यांना निषेधाचे फलक लागले नाहीत. दुसऱ्या कंपनीचं पिस्तूल घेतलं की काम झालं. विक्री अशी आटली की कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. मालक होती टॉमकिन्स ही ब्रिटिश कंपनी. तिने १९८७ मध्ये जी ११ कोटींहून जास्त डॉलर मोजून घेतली होती, ती मे २००१ मध्ये दीड कोटी रोख आणि डोक्यावरच्या कर्जासकट विकून टाकली. घेणारी कंपनी कोण? बंदुकांची सुरक्षा-कुलपं बनवणारी! आणि करार पुढे बुश सरकारच्या काळात कागदावरच वाळला.

त्या मंडळींचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. पण गिऱ्हाईक म्हणून त्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतात. त्यानंतर किती तरी वर्षं दुसऱ्या कुठल्याही बंदूक कंपनीच्या मालकाने सरकारशी करार करायचं नाव काढलं नाही.

शिवाय हा धंदाच उलट्या चालीचा. बाकी मालाला बदनामी झाली की उठाव कमी होतो. इथे गोळीबार झाला, कुणी बंदीची भाषा काढली, की लोक उद्या मिळणार नाही म्हणून आजच घ्यायला धावतात. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं मारली गेली. त्या महिन्यात बंदूक घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमीच्या तपासण्या २७ लाखांवर गेल्या, तोवरचा उच्चांक. आणि रेमिंग्टन ही १८१६ सालची कंपनी दिवाळखोरीत गेली ती मार्च २०१८ मध्ये, ट्रम्प व्हाइट हाउसमध्ये असताना. बंदीची भीती गेली आणि विक्री बसली, हे तिच्या अडचणींचं एक मोठं कारण. बंदूकविरोधकांनी नुसता आरडाओरडा केला तरी कारखानदारांचं भलं होतं, हे पचायला जड आहे.

तरी गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नाही असं नाही. पब्लिक्स ही फ्लोरिडातली किराणा दुकानांची साखळी. तिने राज्यपालपदाच्या एका उमेदवाराला लाखो डॉलर दिले होते, आणि तो गडी आपण एनआरएला विकलेले असल्याचं अभिमानाने मिरवत होता. मे २०१८ मध्ये पार्कलंडची मुलं दुकानात शिरली आणि भाजीपाल्याच्या ओळींमधे फरशीवर मेल्यासारखी पडून राहिली. कंपनीने त्याच दिवशी राजकीय देणग्या थांबवल्या. पब्लिक्स काही बंदुका विकत नव्हती. पण ती मुलं आणि त्यांच्या आया तिथे आठवड्याला दूध-पाव घेत होत्या. दूध-पावाच्या गिऱ्हाइकाची भीती निराळी.

आणि दुकानदाराच्या हातात तर पुष्कळ असतं. एड स्टॅक हा डिक्स स्पोर्टिंग गुड्स या खेळसाहित्याच्या साखळीचा त्या वेळचा प्रमुख, वडिलांनी काढलेल्या दुकानाचा वारस, स्वतः बंदुका बाळगणारा. पार्कलंडच्या खुन्याने आपल्याच दुकानातून, सगळे नियम पाळून, एक शॉटगन घेतली होती असं त्याला कळलं. हत्याकांडात ती वापरलेली नव्हती. तेवढ्यावर तो निर्धास्त झोपू शकला असता. त्याने लष्करी धाटणीच्या रायफली विकणं बंद केलं, २१ वर्षांखालच्यांना बंदूक देणं थांबवलं, आणि उरलेला सुमारे ५० लाख डॉलरचा माल कारखान्याला परत न पाठवता मोडीत काढला, कारण परत पाठवला तर तो दुसऱ्याच्या दुकानातून विकला गेला असता. विक्रीत २५ कोटी डॉलरच्या आसपास खोट बसली, असं त्यानेच नंतर सांगितलं. वॉलमार्टला पुढचं पाऊल टाकायला २०१९ चा एल पासोचा गोळीबार लागला. तिथे गोळ्या तिच्याच दुकानात झाडल्या गेल्या, २३ जण मेले, आणि मग पिस्तुलाची काडतुसं फडताळावरून उतरली. शिकारीच्या रायफली अजून आहेत.

मधे सरकारंही आली, दोन्ही बाजूंनी. न्यूयॉर्कच्या एका अधिकारी बाईंनी विमा कंपन्यांवर एनआरएशी संबंध तोडण्यासाठी दडपण आणलं, असा आरोप होता. तेव्हा मला बरं वाटलं होतं, कबूल करते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनआरएला दावा पुढे चालवू दिला: सरकारने आपलं मत मांडावं, धाकदपटशा करू नये. निकाल वाचल्यावर माझं बरं वाटणं ओसरलं. कारण टेक्सासने २०२१ मध्ये हेच उलट्या अंगाने केलं होतं. बंदूकवाल्यांना धंद्यात वेगळी वागणूक देत नाही असं लिहून द्याल तरच सरकारी कंत्राट. सिटीसारख्या बँकेने पार्कलंडनंतर आपल्या ग्राहक दुकानदारांना बंदूकविक्रीच्या अटी घातल्या होत्या. २०२५ मध्ये तिने त्या मागे घेतल्या.

एनआरए मात्र खंगली आहे, पण बहिष्काराने नव्हे. तीन दशकं तिचा कारभार पाहणारे वेन लापिएर संस्थेच्या पैशावर खासगी विमानांतून फिरत, बेव्हर्ली हिल्सच्या दुकानातून सूट शिवून घेत. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्यांना ४० लाख डॉलरहून जास्त रक्कम परत करायला सांगितलं. ते पैसे सदस्यांच्या वर्गणीचे होते, त्या पिस्तूल घेणाऱ्या, मासिकं वाचणाऱ्या माणसांचे.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्याच लांबच्या दुकानात गेलो. कोथिंबिरीची जुडी जवळच्या दुकानापेक्षा बरीच महाग होती. "आणि यांनी पाटी काढली तर?" मी भाचीला विचारलं. तिने दोन जुड्या पिशवीत टाकल्या. "तर तिसरं दुकान बघायचं. ते आणखी १० मिनिटं लांब आहे."

— गिऱ्हाईक