विश्लेषण : समुद्रावर झेपावतानाच हेलिकॉप्टर का कोसळतात?

हेलिकॉप्टर समुद्रात कोसळल्याची बातमी आली की पहिला अंदाज ठरलेला असतो, इंजिन बंद पडले असेल. चौकशी अहवाल मात्र अनेकदा वेगळेच काही सांगतात. इंजिन चालू आहे, पंखे फिरत आहेत, यंत्रात दोष नाही. तरीही उड्डाणानंतर मिनिटभरात हेलिकॉप्टर पाण्यात, असे घडलेले आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात ओएनजीसीचे कर्मचारी हेलिकॉप्टरने ये-जा करतात. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता उरत नाही.

पहिले काही सेकंद धोक्याचे का?

हेलिकॉप्टर जमिनीलगत किंवा तेल फलाटावरील हेलिडेकवर तरंगत असते, तेव्हा पंख्याने खाली ढकललेली हवा पृष्ठभागावर आपटते आणि गादीसारखा आधार मिळतो. त्यामुळे कमी शक्तीत भागते. हेलिडेकची कड ओलांडली की ही गादी एकदम नाहीशी होते, कारण समुद्र बराच खाली असतो. त्याच क्षणी जास्त शक्ती लागते. पुढे ताशी साधारण ३० ते ४५ किलोमीटर वेग मिळाला की पंख्याला समोरून ताजी हवा मिळू लागते आणि उचल वाढते. कड सोडणे आणि हा वेग गाठणे यांमधली काही सेकंदे हीच सर्वांत नाजूक. वेग नाही, उंची नाही आणि इंजिनाची बरीचशी ताकद आधीच वापरात आलेली. इथे दोनपैकी एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या इंजिनावर सावरणे भरलेल्या हेलिकॉप्टरला जमेलच असे नाही. उष्ण, दमट हवा विरळ असते, त्यामुळे हातातली शक्ती आणखी घटते.

कॉर्मोरंट अल्फावर नेमके काय घडले?

उत्तर समुद्रातील ही दुर्घटना जुनी असली, तरी हा विषय समजून घेण्यासाठी तिच्याइतके स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. १४ मार्च १९९२ च्या रात्री कॉर्मोरंट अल्फा या तेल फलाटावरून एक सुपर प्युमा हेलिकॉप्टर निघाले. जायचे होते शेजारीच, सुमारे २०० मीटरवर उभ्या असलेल्या निवासी तरंगत्या फलाटावर. आत १७ जण होते. बाहेर बर्फ पडत होता आणि वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या आसपास होते. उड्डाणानंतर वैमानिकाने हेलिकॉप्टर वाऱ्याला पाठ करून वळवले आणि सुमारे मिनिटभरात ते समुद्रावर आदळले. ११ जण मृत्युमुखी पडले. काही जण केबिनमधून बाहेर पडले होते, पण मदत पोहोचेपर्यंत थंड पाण्यात टिकू शकले नाहीत.

यंत्रात बिघाड नव्हता. मग चुकले काय? हेलिकॉप्टर हवेत टिकते ते हवेच्या तुलनेत असलेल्या वेगावर, खालच्या पाण्याच्या तुलनेत असलेल्या वेगावर नाही. वाऱ्याला तोंड करून उडताना हा वेग आयता मिळतो. पाठ फिरवली की तोच वारा मागून येतो आणि हवेतला वेग झपाट्याने उतरतो. जवळच्या फलाटाचे दिवे पाहून उडणाऱ्या वैमानिकाला मात्र आपण पुरेशा वेगात आहोत असेच वाटत राहते. एकदा हेलिकॉप्टर खाली घसरू लागले आणि ते आपल्याच पंख्याने ढकललेल्या हवेत सापडले, की शक्ती वाढवूनही घसरण थांबत नाही. त्यातून बाहेर पडायला उंची लागते, आणि नेमकी तीच नव्हती.

जास्त वजनाने काय होते?

४ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीकाठच्या हेलिपोर्टवरून निघालेले बेल २०६ हेलिकॉप्टर गरगर फिरत नदीत पडले. वैमानिकासह पाच जण होते, तीन प्रवासी दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या निष्कर्षानुसार वजन मर्यादेपेक्षा जास्त, वेग कमी आणि वाऱ्याची दिशा प्रतिकूल, असा हा संयोग होता. मुख्य पंखा एका दिशेने फिरतो, तेव्हा धड उलट दिशेने फिरू पाहते. ते रोखण्याचे काम शेपटीचा पंखा करतो. वजनामुळे मुख्य पंख्याला जास्त जोर लावावा लागला की शेपटीच्या पंख्यावरचा भारही वाढतो. त्यात वारा चुकीच्या बाजूने आला की तो पंखा शाबूत असूनही अपुरा पडतो. उड्डाणापूर्वी कागदावर केलेली वजनाची बेरीज खरी असती, तर कदाचित एक प्रवासी मागे राहिला असता. इतकी साधी गोष्ट.

रात्री वैमानिक का फसतो?

किनाऱ्यावर उड्डाण घेताना रस्ते, इमारती दिसतात. समुद्रात रात्री हेलिडेकचा प्रकाश मागे पडला की समोर काळोख असतो, क्षितिजही नसते. अशा वेळी शरीर खोटे सांगते. हेलिकॉप्टर वेग घेते, तेव्हा कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा त्याचा अर्थ ‘नाक वर जात आहे’ असा लावते. वैमानिक नाक खाली दाबतो आणि सुस्थितीतले यंत्र सरळ पाण्यात शिरू शकते. दिवसाही समुद्र आरशासारखा शांत असेल, तर पाणी किती खाली आहे हे डोळ्यांना कळत नाही. यावर उपाय एकच, बाहेर न पाहता उपकरणांवर विश्वास. सहवैमानिकाने उंची आणि वेग मोठ्याने सांगत राहणे हाही त्याचाच भाग.

यंत्राचा दोष कधीच नसतो का?

असतो. खारी हवा इंजिनाची पाती गंजवते, म्हणून सागरी हेलिकॉप्टरांची इंजिने नियमित धुतली जातात. १२ मार्च २००९ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ हेलिकॉप्टर पडून १८ पैकी १७ जण गेले. तेथे गिअरबॉक्सच्या तेल गाळणीचे बोल्ट तुटून तेल वाहून गेले होते. ती दुर्घटना उड्डाणाच्या वेळची नव्हती. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टला २ जानेवारी २०२३ रोजी पाण्याकाठून झेपावणारे हेलिकॉप्टर उतरणाऱ्या दुसऱ्याला धडकले आणि चार जण ठार झाले. झेपावणाऱ्या हेलिकॉप्टरच्या रेडिओ अँटेनात आधीपासून दोष असल्याचे चौकशीत आढळले. उड्डाणाची सूचना बहुधा कुणाच्या कानी पडलीच नाही.

मुंबई हायचा अनुभव काय?

ऑगस्ट २००३ मध्ये एमआय-१७२ हेलिकॉप्टर पडून २७ जणांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्रीच्या सरावावरील पवनहंस हेलिकॉप्टरचे दोन्ही वैमानिक गेले. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेल्या हेलिकॉप्टरमधील सातही जण दगावले. २८ जून २०२२ रोजी सागर किरण रिगजवळ उतरण्याच्या बेतात असलेले हेलिकॉप्टर समुद्रात पडले. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला. यातील प्रत्येक घटनेचा टप्पा वेगळा आहे. पण पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा जोरदार वारा, त्याआधीचा दमट उन्हाळा आणि एका रिगवरून दुसऱ्यावर मारलेल्या छोट्या फेऱ्या इथेही आहेत. छोटी फेरी सोपी वाटते, पण जेवढ्या फेऱ्या तेवढ्या वेळा ती नाजूक सेकंदे येतात.

पाण्यात पडल्यावर जीव कशाने जातो?

अनेकदा आघाताने नव्हे, बुडून. इंजिने आणि गिअरबॉक्स छतावर असल्याने हेलिकॉप्टर डोकेजड असते आणि पाण्यात पटकन उलटते. ते रोखण्यासाठी बाजूंना फुगणारे तराफे असतात, पण ते वेळेत आणि दोन्हीकडे सारखे फुगावे लागतात. मार्च २०१८ मध्ये ईस्ट नदीतच उतरलेल्या हेलिकॉप्टरचे तराफे नीट फुगले नाहीत. ते उलटले आणि पट्ट्यांनी जखडलेले पाचही प्रवासी बुडाले, वैमानिक वाचला. म्हणूनच तेल फलाटांवर जाणाऱ्यांना तलावात उलटणाऱ्या केबिनमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण देतात. एक हात खिडकीच्या चौकटीवर घट्ट ठेवायचा, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आधी सोडला, तर उलट्या केबिनमध्ये, काळोखात, खिडकी कुठे होती हेच कळत नाही.