वाजवा, सांगू नका

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलो. इंडियाना राज्यातले छोटे गाव. भोवती मक्याची शेते आणि शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, जे तरुणपणी बिगुल वाजवत असत. आमची नात तिथल्या शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन वाजवते. त्यामुळे या दोघांची गट्टी. ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्या गृहस्थांनी आम्हा दोघांना गाडीत घातले आणि इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियमवर नेले. ‘ड्रम कोअर’ची अंतिम फेरी होती.

ड्रम कोअर म्हणजे काय, हे मलाही तोपर्यंत ठाऊक नव्हते. मी लग्नातल्या बँडची थोरली आवृत्ती असेल असे समजून गेलो होतो. तसे ते नाही. एका पथकात दीडशेच्या आसपास मुलेमुली. वयाची मर्यादा एकवीस-बावीस. फक्त पितळी वाद्ये आणि ड्रम. सनई-बासरीच्या कुळातले वाद्य चालत नाही. शिवाय झेंडे, लाकडी रायफली आणि तलवारी हवेत भिरकावून अचूक झेलणारा एक ताफा. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर ही सगळी मंडळी धावत, मागे सरकत, वर्तुळे करत आणि मोडत वाजवतात. दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम. तोच उन्हाळाभर गावोगाव करायचा. रात्री बसने प्रवास, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोप, दिवसभर उन्हात तालीम. आणि यासाठी पैसे मिळत नाहीत, मुलांनाच भरावे लागतात! माझ्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला हा हिशेब काही लागला नाही. पहिले पथक वाजले, छातीच्या पिंजऱ्यात पितळेचा तो धक्का बसला, आणि हिशेब मी सोडून दिला.

तिसऱ्या की चौथ्या पथकाच्या वेळची गोष्ट. वाद्ये हळू झाली आणि ध्वनिक्षेपकातून एका मुलीचा आवाज आला. ती काहीतरी सांगत होती. आशा, अंधार, वाट असे काही शब्द मला लागले. शेजारच्या गृहस्थांनी मान खाली घातली आणि दातांत पुटपुटले, ‘वाजव ग बाई, वाजव. सांगू नकोस.’ आमच्या पुढच्या रांगेत एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. त्याच क्षणी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

एकाच आवाजाला दोन फुटांच्या अंतरावर दोन उत्तरे. त्या रात्रीपासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

परतीच्या वाटेवर गृहस्थ भडभडून बोलले. ही पथके मुळात पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि चर्चनी पोसलेली. 1971 मध्ये ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली आणि 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेव्हा मैदानावर विजेची तार म्हणून नव्हती. जे काय ते फुप्फुसाच्या आणि मनगटाच्या जोरावर. 2004 साली ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली. पुढच्या कडेला ठेवलेली मरिंबा-व्हायब्राफोनसारखी नाजूक वाद्ये ऐकू यावीत, हा एक हेतू. पण माइक मैदानात आला की त्याच्यापुढे कोणीतरी बोलायला उभे राहणारच! आपल्याकडच्या कोणत्याही समारंभात हा अनुभव येतो. 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्येही आली. प्रत्येक वेळी जुन्या मंडळींनी ‘संपले सगळे’ म्हणून कपाळाला हात लावला आणि पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा तिकीट काढून हजर झाली.

निवेदनाच्या वादात एक वर्ष मात्र सगळ्यांच्या तोंडी असते, 2007. न्यू जर्सीच्या गारफील्डमध्ये 1934 साली सुरू झालेले ‘द कॅडेट्स’ हे नामांकित पथक. त्यांनी त्या वर्षी ‘धिस आय बिलीव्ह’ नावाचा कार्यक्रम केला. पथकातल्या मुलांनीच माइकवरून बोलायचे: आम्ही कोण, हे का करतो, या पथकाने आम्हाला काय दिले. बोलणे थोडेथोडके नव्हते. सबंध कार्यक्रमात ते पेरलेले होते. वाजवणे अव्वल दर्जाचे, परीक्षकांनीही त्यांना वरच्या पथकांतच बसवले. प्रेक्षकांत मात्र उभी फूट पडली. कोणाला तो मुलांचा प्रांजळपणा भावला. पुष्कळांना ते आत्मस्तुतीचे कीर्तन वाटले. पुढच्या वर्षी त्याच पथकाने पुन्हा निवेदन ठेवले आणि वादही पुन्हा झाला.

मी ते चित्रीकरण नंतर मुलाच्या घरी तीनदा पाहिले. पहिल्यांदा मी मुलांच्या बाजूने होतो. दुसऱ्यांदा थोडा चुळबुळलो. तिसऱ्यांदा निवेदन आले तसा उठून पाणी प्यायला गेलो. माझ्या मते गोष्टीचे मर्म इथेच कुठेतरी आहे. सूर शंभरदा ऐकता येतो; उलट दहाव्या वेळी त्यात काहीतरी नवे सापडते. सांगितलेले वाक्य दुसऱ्या वेळी ऐकताना आपण त्याच्या आधी पोहोचलेलो असतो. ड्रम कोअरचा खरा शौकीन एकच कार्यक्रम जूनपासून ऑगस्टपर्यंत अनेकदा पाहतो, वर त्याचे मुद्रणही विकत घेतो. त्याला तेच वाक्य, त्याच हेलात, त्याच जागी किती वेळा ऐकवायचे? आपले कीर्तनकार हे पुरेपूर जाणतात. आख्यान तेच, पण बुवा समोरची मंडळी पाहून दृष्टान्त बदलतात, गावच्या पाटलाला चिमटा काढतात, आणि बोलणे चालू असताना मृदंग मागे सरतो. मैदानावर हे शक्य नाही. दीडशे जणांची पावले मोजून बांधलेली असतात. निवेदिकेला एक शब्द बदलायची सोय नसते.

दुसरी अडचण ध्वनीच्या शास्त्राची. ते मैदान 100 यार्ड लांब आणि 53 यार्डांहून किंचित अधिक रुंद असते. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मिनिटाला 180 मात्रांची लय असेल, तर एक मात्राच सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. म्हणजे जवळजवळ अख्खी मात्रा चुकायची भीती! म्हणून पुढच्या कडेचे वादक मागून येणाऱ्या ड्रमकडे कान लावून वाजवतात. मुले ही कसरत महिनोन्‌महिने शिकतात. बोललेल्या शब्दाला असे शिक्षण देता येत नाही. छत असलेल्या स्टेडियममध्ये तो भिंतीवर आपटून परत येतो, स्वर उरतात, व्यंजने विरतात. त्यात पाठीमागे साठ-सत्तर पितळी वाद्ये. श्रोत्याला अर्धेमुर्धे ऐकू येते, आणि अर्धवट ऐकू येणारे बोलणे ही माणसाच्या मेंदूला फार मोठी शिक्षा आहे. ते सोडता येत नाही आणि कळतही नाही. कान तिकडे धावतो, आणि तेवढ्यात समोर तीस झेंडे एकदम उंच उडालेले असतात, ते बघायचे राहून जाते.

गंमत अशी की, या खेळात सर्वांत जास्त बोलतात ते परीक्षक. कार्यक्रम चालू असताना ते ध्वनिमुद्रणासाठी सतत पुटपुटत असतात. ते मुद्रण नंतर पथकाच्या शिक्षकांना ऐकायला मिळते. प्रेक्षकांच्या कानी ते पडत नाही, हे प्रेक्षकांचे भाग्य.

मग शब्दाला तिथे जागाच नाही का? असे म्हणायला मी धजत नाही, कारण 2008 सालची अंतिम फेरीही मी चित्रीकरणात पाहिली आहे. रॉकफर्डच्या ‘फँटम रेजिमेंट’ने स्पार्टाकस सादर केला होता. गुलामांच्या बंडाची कथा. पण ती सांगणारा कोणी नाही. हालचालींतून, पितळेच्या गर्जनेतून सारे कळते. आणि अगदी ऐन वेळी मुले ओरडतात, ‘मीच स्पार्टाकस!’ 1960 च्या चित्रपटामुळे ते वाक्य तिथे लहानथोरांना पाठ. संगीताने भरलेल्या बंदुकीचा तो फक्त चाप होता. त्या रात्री ब्लूमिंग्टनला ‘फँटम रेजिमेंट’ला 98.125 गुण मिळाले आणि दुसऱ्या आलेल्या ‘ब्लू डेव्हिल्स’ना 98.100. आयुष्यभर पैशापैशाचा ताळमेळ घालत बसलेल्या माणसाला असा निकाल वाचून भरून येते!

2013 मध्ये ‘कॅरोलायना क्राउन’ने आइनस्टाइनच्या सूत्रावर कार्यक्रम केला. फिलिप ग्लास यांच्या ऑपेरातून घेतलेल्या भागात मुले नुसते आकडे म्हणतात. एक, दोन, तीन, चार. त्याला अर्थ काय? काहीच नाही, आणि म्हणूनच ते चालून गेले. तिथे शब्दच वाद्य झाले होते. ते पथक त्या वर्षी पहिले आले.

बँकेत आम्ही प्रत्येक नोंदीपुढे एक तपशिलाचा रकाना भरत असू. त्याला आमच्या भाषेत ‘नॅरेशन’च म्हणत. ‘रोख भरणा’, ‘धनादेश वटला’, इतके पुरे. एक होतकरू कारकून त्यात खातेदाराच्या मुलीच्या लग्नापर्यंतची हकिकत लिही. तपासनीस त्याला म्हणाले, ‘बाबा रे, आकडा जुळत असेल तर इतके सांगावे लागत नाही, आणि जुळत नसेल तर याने जुळणार नाही.’ पुढे मी कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा माझ्या पहिल्या हस्तलिखितातल्या प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा परिच्छेद प्रकाशकांनी लाल पेन्सिलीने उडवला. मी महिनाभर रुसून होतो. त्या परिच्छेदांत मी वाचकाला सांगितले होते की, आत्ता तुम्हाला काय वाटायला हवे.

तेव्हा माझे मत त्या शेजारच्या गृहस्थांच्या पारड्यात पडते, हे उघड आहे. आपल्या गीतरामायणातही, 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते आठवड्यामागून आठवडे प्रसारित होत होते तेव्हा, निवेदन गाण्याच्या आधी येई. गाणे सुरू झाले की निवेदक गप्प. कोपलंडने 1942 मध्ये लिंकनवर जी रचना केली, तिच्यात वाद्यवृंद आणि बोलणारा माणूस एकत्र आहेत. पण संगीतकाराने स्वतः बोलण्यासाठी ओसरी मोकळी ठेवली आहे. संगीत आधी बांधून मग त्यावर शब्द चिकटवले की ते भिंतीवरच्या जाहिरातीसारखे दिसतात.

पण एक गोष्ट मला त्या गृहस्थांची मुळीच पटली नाही. बोलण्याविरुद्ध हुर्यो उडवण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे, तिकिटाचे पैसे आपण भरतो, असे ते म्हणाले. अहो, पण हुर्यो कोणाला ऐकू जाते? निवेदन लिहिणारा चाळिशीतला दिग्दर्शक मैदानाबाहेर उभा असतो. माइकपुढे अठरा-एकोणीस वर्षांची पोर असते. तिने ते वाक्य निवडलेले नाही. ते चांगले म्हणता यावे म्हणून ती तीन महिने जमिनीवर झोपली आहे. रुसायचे असेल तर टाळी वाजवू नये, पुढच्या वर्षी तिकीट काढू नये, दिग्दर्शकाला खरमरीत पत्र लिहावे. आणि त्या चष्मा पुसणाऱ्या बाई? त्यांची मुलगी कदाचित त्या पथकात असेल, कदाचित नसेलही. त्यांना रडू कशाने आले हे मला विचारता आले नाही. शब्द त्यांनाही माझ्याइतकेच अर्धेमुर्धे ऐकू आले असणार. कोण जाणे, त्यांना आवाजच पुरला असेल.

ज्या ‘कॅडेट्स’नी हा वाद इतका पेटवला, ते पथक 2024 च्या आरंभी बंद पडले. नव्वद वर्षांची संस्था. कारणे निवेदनाशी संबंध नसलेली, न्यायालयीन आणि आर्थिक. शेजारच्या गृहस्थांनी त्यांच्यावर जन्मभर टीका केली, आणि हे सांगताना त्यांचाच आवाज बसला होता.

ऑक्टोबरात नातीच्या शाळेच्या बँडची जिल्ह्याला स्पर्धा झाली. त्यांच्याही कार्यक्रमात बोलणे होते, आणि शिक्षिकेने दोन वाक्ये आमच्या नातीला दिली होती. ती घरात, न्हाणीघरात, गाडीत तीच दोन वाक्ये घोकत होती. मला ती पाठ झाली होती. त्या दिवशी वारा उलटा होता. आमच्या मागे कोणीतरी मक्याच्या लाह्यांची पिशवी फोडली. ती माइकसमोर आली, हातातला मेलोफोन तिने खाली ठेवला, तिचे ओठ हलले, आणि मला करकर आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती टोपी काखेत घेऊन धावत आली. ‘आबा, ऐकू आलं ना?’

‘अक्षरन्‌अक्षर,’ मी म्हणालो, आणि ती दोन्ही वाक्ये तिला म्हणून दाखवली.