फॉरमॅट मारून देतो!

कॉम्प्युटर रडतखडत चालतो म्हणून दुरुस्तीवाल्याकडे नेला की दोनच उत्तरं मिळतात. एक, "जुना झाला साहेब, नवा घ्या." दोन, "फॉरमॅट मारून देतो." मला दोन्हींचा सारखाच राग येतो!

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपात म्हातारा झालेला असतो तो बहुतेक वेळा प्रोसेसर नव्हे. आत मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, हेड सरकायला लागतो तो वेळ वेगळाच. म्हणजे इकडचं तिकडचं वाचायचं तर सेकंदाला जेमतेम शंभर वेळा. आणि विंडोज सुरू होताना तर हजारो बारक्या फायली अशाच गोळा कराव्या लागतात. प्रोसेसर बिचारा वाट बघत बसलेला! एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तेच काम ती सेकंदाला हजारोंनी उरकते. मग धडधाकट मशीन भंगारात का काढायचं?

बरं, एसएसडी बसवायला सांगितलं तरी हा माणूस कोरं विंडोज टाकून मोकळा. "डेटा डी ड्राइव्हमध्ये सेफ आहे" म्हणे. अहो, डेटा म्हणजे फक्त फोटो का? आमच्या एका नातेवाइकांनी सोसायटीची पंधरा वर्षांची इतिवृत्तं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टात टाइप केली होती. फाइल्स वाचल्या, पण फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेले. आता फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ! फॉन्टची सीडी कुठे आहे ते देवालाच ठाऊक.

व्हायरसनं पोखरलेलं विंडोज असेल तर कोरं टाकलेलंच बरं, हे मान्य. एरवी अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवता येते. क्लोनझिला त्यासाठी फुकट मिळतं. आधी बॅकअप घ्या, बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. नवी डिस्क लहान असेल तर जुन्यावरचं पार्टिशन आधी आक्रसून घ्यावं लागतं. नुसता सी ड्राइव्ह नको, बूटचं छोटं पार्टिशनही हवं, नाहीतर मशीन सुरूच होणार नाही. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. एवढंच! हे दुकानदारालाही येतं, पण फॉरमॅट मारण्यात त्याचं डोकं कमी लागतं.

आता कुणी म्हणेल, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग कशाला हा खटाटोप? खरंय, एसएसडीनं जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. पण त्याच एसएसडीवर लिनक्स झकास पळतं, आणि ते टाकायच्या आधी तुमचे फॉन्ट बाहेर काढायला तुम्हाला सवड मिळते.

आणि हो, जुनी डिस्क दुकानात सोडून येऊ नका. तिच्यात तुमचं सगळं अजून तसंच असतं.