चिनी रेशीम म्हणजे नेमकं कुठलं?

लग्नसराईत दुकानदार ‘चायना सिल्क’ म्हणून कापड पुढं करतो आणि आपण दर विचारतो. कुठलं, हे विचारत नाही. पण पैठणी आणि बनारसी एकच, असं कुणी म्हटलं तर आपल्याला चालेल का? चीनमध्येही रेशमाचा धागा तोच असला, तरी प्रत्येक गावाची वीण निराळी आहे.

पश्चिमेला सिच्वान प्रांतातलं चेंगदू. तिथल्या जुन्या कापडात नक्षी रंगीत ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून उठते. चेंगदूला दोन हजार वर्षांहून जुन्या थडग्यात मागांच्या लहान प्रतिकृतीही सापडल्या आहेत.

पूर्वेला सूचौ. तिथं चित्रं हुबेहूब कापडात उतरवली गेली. प्रत्येक रंगाचा आडवा धागा, म्हणजे बाणा, आपल्यापुरत्याच जागेत फिरतो आणि दोन रंगांच्या सीमेवर बारीक फट राहते. आपल्या पैठणीचा पदर याच जातीचा. फक्त तिथं धागे एकमेकांत अडकवतात, म्हणून फट राहत नाही.

नानजिंगचं कापड राजदरबारासाठी. त्यात सोन्याचा धागा आणि मोरपिसाचे तंतूही विणले जातात. माग 4 मीटर उंच. एक कारागीर वर बसून धागे उचलतो, दुसरा खाली विणतो. कृती चुकू नये म्हणून ते ती गाण्यासारखी म्हणतात, जात्यावरच्या ओव्यांची आठवण यावी तशी. एवढं करून दिवसभरात जेमतेम 5-6 सेंटीमीटर कापड होतं. 2009 साली युनेस्कोनं या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आणि दूर वायव्येला खोतान. तिथल्या उइगुर मुस्लिम भगिनींच्या पोशाखाचं रेशीम ‘एतलेस’. ताणा आधी बांधून रंगवतात, मग विणतात. म्हणून नक्षीच्या कडा पाण्यात पसरल्यासारख्या दिसतात.

आज या चारही नक्ष्या एकाच यंत्रावर, नायलॉनवरसुद्धा छापता येतात. कापड स्वस्त होतं, पण गावाचं नाव पुसलं जातं आणि विणकराच्या मुलाला मागावर बसण्याचं कारण उरत नाही. आपल्याकडच्या हातमागाचीही हीच गत आहे.

तेव्हा भगिनींनो, पुढच्या खरेदीत दर विचारण्याआधी एवढं विचारूया : हे कुठं विणलं आणि हातानं की यंत्रावर? हातमागाचं निघालं, तर घासाघीस करताना त्या 5-6 सेंटीमीटरच्या दिवसाची आठवण ठेवूया.