पत्ता हवा, उत्तरदायित्वही हवे

परक्या मुलखात व्यापार करू पाहणाऱ्याने आपले नाव-गाव सांगावे आणि आपल्या वतीने उत्तर देणारा माणूस तेथे ठेवावा, ही कोणत्याही सत्तेची किमान अपेक्षा असते. मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात राहणारे जबाबदार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले, तेव्हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने गळे काढणारे कमी नव्हते.

या मंडळींनी अमेरिकेतील रीत पाहावी. डेलावेअर राज्यात स्थापन झालेली कंपनी कॅलिफोर्नियात व्यवसाय करू लागली, की त्या राज्याच्या लेखी ती 'परकी' ठरते. तिला तेथे वेगळी नोंदणी करावी लागते आणि न्यायालयाच्या नोटिसा स्वीकारणारा प्रतिनिधी नेमावा लागतो. नोंदणीवाचून तेथील न्यायालयात तिला स्वतःचा दावाही चालविता येत नाही. एकाच राष्ट्रातील दोन राज्यांत ही दक्षता रास्त असेल, तर भारताने ती बाळगणे दडपशाही कशी ठरते?

आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याची दिशाही हीच आहे. भारतात व्यवसायाचे ठिकाण उघडणाऱ्या विदेशी कंपनीने ३० दिवसांत नोंदणी करून येथील रहिवासी प्रतिनिधीचे नाव व पत्ता द्यायचा असतो. हे न करणाऱ्या कंपनीवर दावा होऊ शकतो. तिला मात्र पूर्तता होईपर्यंत दावा लावता येत नाही.

परंतु केवळ पत्त्याने भागत नाही. डेलावेअरमधील विल्मिंग्टन शहरातल्या एकाच इमारतीच्या पत्त्यावर २०१२ साली सुमारे २ लाख ८५ हजार कंपन्या नोंदलेल्या होत्या. तेथे नोटीस पोहोचते; खरा मालक कोण, हे कळतेच असे नाही. भोपाळने याहून दारुण धडा दिला. १९८४ च्या वायुकांडानंतर मूळ कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन यांना तेथील न्यायालयाने १९९२ मध्ये फरार घोषित केले. २०१४ मध्ये ते अमेरिकेतच वारले. २०१० मध्ये दोषी ठरले ते भारतीय उपकंपनी आणि तिचे भारतीय अधिकारी. पत्ता भारतात होता. निर्णय घेणारे हात सातासमुद्रापार सुरक्षित राहिले.

हा नियम परक्यांपुरताच नसावा, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. दीर्घकाळ विवरणपत्रेच न भरणाऱ्या दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावे सरकारला २०१७ मध्ये नोंदवहीतून काढावी लागली. त्या येथल्याच मातीतल्या होत्या. कागदी पत्त्याआड दडणारा स्वकीय असला म्हणून त्याला सवलत मिळता कामा नये.

म्हणून नोंदलेला प्रतिनिधी हा नोटिसा घेणारा टपालवाला राहू नये. त्याच्यामागे उभ्या असलेल्या मालकापर्यंत कायद्याचा हात पोहोचला पाहिजे. व्यापाराला भारताचे दार खुले असावे. पण आत येणाऱ्याने उंबरठ्यावर आपले खरे नाव सांगावे, एवढा आग्रह धरण्यात संकोच कशाचा?