संगणकातल्या इमारतीत मजूर कुठे?

नागपूर मेट्रो उभारताना महामेट्रोने ‘फाईव्ह-डी बीआयएम’ ही संगणक प्रणाली वापरली. आर्किटेक्ट, अभियंते, ठेकेदार सारे एकाच आराखड्यावर काम करतात. लांबी, रुंदी, उंचीला वेळ आणि खर्चाची जोड असते. नकाशात बदल झाला की तो सर्वांना लगेच दिसतो. या तंत्रज्ञानाला आमचा विरोध असण्याचे कारण नाही.

प्रश्न मजुराचा आहे. कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीसाठी त्याला वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे दाखवावे लागते. १९९६ च्या कायद्यात ही अट होती; २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. नाक्यावरचा माणूस आज एका मुकादमाकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याला दाखला देणार कोण? अपघात झाला की ठेकेदार पोटठेकेदाराकडे बोट दाखवतो, पोटठेकेदार ‘हा माझा माणूसच नव्हे’ म्हणतो. कोर्टात हजेरीपट मागावा तर तो सापडत नाही. बहुधा लिहिलेलाच नसतो. तिकडे बांधकाम खर्चावरचा उपकर जमा होतच राहतो. तो कामगारांवर खर्च न करता पडून ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सरकारांना फटकारले होते.

सळईचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला नव्वद दिवस मोजणे जड नाही. सरकारी बांधकामाच्या निविदेतच अट हवी: रोजची हजेरी पोटठेकेदाराच्या नावासह याच प्रणालीत नोंदवावी, तिची प्रत कामगाराच्या मोबाईलवर जावी आणि ९० दिवस भरताच दाखला आपोआप निघावा. ही नोंद ठेकेदाराला नंतर पुसता येता कामा नये.